जुन्या डिझेल गाडीचं ऑइल नेमकं कुठून गळतंय?

गाडीखाली काळा डाग पडला की गॅरेजमध्ये पहिलं निदान ठरलेलं असतं: "चेंबरचं पॅकिंग गेलंय." ते खरंही असू शकतं. पण चेंबर, म्हणजे ऑइल साठतं ते भांडं, हा इंजिनाचा सगळ्यात खालचा भाग; पॅकिंग म्हणजे जोडातून गळू नये म्हणून बसवलेली पट्टी. वर कुठूनही ऑइल सुटलं तरी शेवटी ठिबकणार तिथूनच. टॅपेट कव्हर (इंजिनाचं वरचं झाकण) पाझरत असताना चेंबरचं पॅकिंग बदललेली गाडी थोड्याच दिवसांत त्याच डागासह परत येते. म्हणून पार्ट आणायला जाण्याआधी एकच गोष्ट शोधायची: ओल सुरू होते ती सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा. पुढची अशासाठी, की चालत्या गाडीत वारा ऑइलला मागे ढकलत नेतो.

उदाहरण म्हणून घेतोय ते १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन. २००७ मध्ये ते डिझेल स्विफ्टमध्ये आलं. मग डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा इतक्या गाड्यांत बसलं की लोक त्याला गमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणू लागले. पुण्याजवळ रांजणगावलाही ते बनायचं. २०२० मध्ये बीएस-६ चे प्रदूषणाचे नियम आले आणि ते थांबलं, पण रस्त्यावर अजून भरपूर आहे. तुमच्याकडे जुनी इंडिका, सुमो किंवा बोलेरो असली तरी पद्धत हीच. फरक आहे तिथे सांगेन.

गळतंय ते ऑइलच आहे ना?

रात्री गाडी सपाट जागी लावा आणि इंजिनाखाली मोठा पुठ्ठा सरकवा. पुढच्या दोन्ही चाकांच्या जागा पुठ्ठ्यावर पेनाने आखून ठेवा, म्हणजे सकाळी थेंब इंजिनाच्या कुठल्या बाजूखाली पडलेत ते कळेल. डाग बघा, बोटावर घ्या, वास घ्या. डिझेल इंजिनाचं ऑइल काजळीमुळे बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळंकुट्ट होतं, त्यामुळे ते ओळखायला सोपं. गिअर ऑइल पिवळसर-तपकिरी, जाडसर, आणि त्याला गंधकासारखा उग्र वास. पॉवर स्टीअरिंगचं ऑइल बहुधा लालसर. स्विफ्टचं स्टीअरिंग इलेक्ट्रिक असल्याने तिथे हा प्रश्नच नाही. कूलंट हिरवं, लाल किंवा निळं आणि वासाला गोडसर. स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, निवांत राहा.

खरा गोंधळ डिझेल घालतं. फिल्टरपाशी किंवा इंजेक्टरच्या (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) रिटर्न पाइपला ते सुटलं की वाटेतली जुनी काळी घाण धुऊन आणतं आणि खाली पडताना हुबेहूब ऑइल दिसतं. फरक पातळपणात आणि वासात. पुठ्ठ्यावर डिझेल लांबवर पसरतं, ऑइलचा थेंब त्यामानाने जागेवर राहतो.

इथेच एक इशारा. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामायिक नळीतून डिझेल मिळतं तिथे, डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो. कारच्या टायरमधला दाब दोन-सव्वादोन बार असतो. इंजिन चालू असताना इंजेक्टरच्या स्टीलच्या पाइपांवरून हात फिरवून गळती शोधू नका. न दिसणारी बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण ती तातडीने हॉस्पिटलात नेण्याची असते.

किती जातंय ते मोजा

सपाट जागा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबणं, मग डिपस्टिक (ऑइलची लेव्हल मोजायची पट्टी) पुसून पुन्हा घालून बघणं. लेव्हल आणि किलोमीटर लिहून ठेवा. बहुतेक कारमध्ये डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचा फरक असतो. खाली डाग छोटा आणि लेव्हल मात्र झपाट्याने उतरतेय, तर ऑइल गळण्यापेक्षा जळत असावं. सायलेन्सरचा निळसर धूर बघा. लेव्हल वाढत असेल तर ऑइलमध्ये डिझेल किंवा कूलंट मिसळतंय. तो वेगळा आणि जास्त गंभीर आजार आहे, तशी गाडी चालवू नका.

धुतल्याशिवाय शोध नाही

बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात. दहा-बारा वर्षांचा ऑइल-धुळीचा थर चढलेल्या इंजिनावर आजची गळती दिसणं शक्यच नाही.

इंजिन पूर्ण थंड हवं. खालचं प्लास्टिकचं अंडरकव्हर काढा. गळतीचं निम्मं ऑइल त्यातच साठलेलं सापडतं. गाडीखाली जायचं तर पिट किंवा रॅम्प वापरा, नाहीतर पक्क्या घोड्या (जॅक स्टँड) लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा. ऑल्टरनेटर, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), वायरिंगचे कपलर (प्लगसारखे जोड) आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधून घ्या. मग डीग्रीझर (तेलकट थर सोडवणारं द्रव्य) आणि ब्रश. गॅरेजमध्ये रॉकेल किंवा डिझेलनेही धुतात, आणि थर त्यानेही निघतो. पण ते पूर्ण वाळेपर्यंत स्टार्टर मारायचा नाही. वॉशिंग सेंटरची जोराची धार इंजेक्टर आणि कपलरवर नको. पाणी आत गेलं की ऑइलची गळती राहते बाजूला आणि गाडी मिस व्हायला लागते. शेवटी हवा मारून कोपरे कोरडे करा आणि पॅकिंगच्या जोडांवर ब्रेक क्लीनर मारून पुसा. पावसाळ्यात हे काम उघडीप बघून करा, चिखल उडाला की पुन्हा पहिल्यापासून.

आधी उभ्या गाडीत, मग फेरी मारून

पंधरा मिनिटं इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चालू, ठेवा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. मागची बाजू डोळ्यांना दिसत नाही. तिथे छोटा आरसा किंवा मोबाइलचा व्हिडिओ कामाला येतो; हात, बाह्या, ओढणी फिरत्या बेल्टपासून लांब. काही दिसलं नाही तर दहा-वीस किलोमीटरची फेरी मारून या, थोडा चढ असला तर उत्तम, कारण काही सील (फिरत्या दांड्याभोवतीच्या रबरी रिंगा) फक्त लोडवर आणि गरम ऑइललाच सोडतात.

तरीही जागा सापडत नसेल तर संशयाच्या जोडावर थंड, कोरड्या इंजिनावर टाल्कम पावडरचा हलका थर द्या आणि पुन्हा फेरी मारा. ओल जिथून सुरू होते तिथे पावडर काळी पडलेली असते. एअर फिल्टरच्या तोंडाजवळ आणि बेल्टवर मात्र पावडर नको. बाजारात यूव्ही डायही मिळतो: ऑइलमध्ये मिसळायचा आणि निळ्या-जांभळ्या टॉर्चखाली हिरवट-पिवळी रेघ शोधायची. डिझेलच्या काळ्या ऑइलमध्ये ती रेघ नीट दिसत नाही, म्हणून डाय टाकायचा तर ऑइल बदलल्याबरोबर, नव्या ऑइलमध्ये.

कुठे कुठे बघायचं

सुरुवात ऑइलच्या झाकणापासून. त्याची रबर रिंग कडक होते आणि तिथून निघालेलं ऑइल टॅपेट कव्हरवर पसरून कव्हरला बदनाम करतं. टॅपेट कव्हरचा जोड बघताना केबिनकडची बाजू आधी. सिग्नलला उभं असताना एसीतून जळक्या ऑइलचा वास येत असेल तर ऑइल तिथून गरम सायलेन्सरच्या पाइपवर किंवा टर्बोवर (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) पडत असण्याची शक्यता मोठी. कव्हरचे बोल्ट जोर लावून आवळणं हा उपाय नव्हे. ते हलक्या ताकदीनेच आवळायचे असतात. कव्हर वाकतं, पॅकिंग चिरडतं आणि गळती वाढते.

पुढची जागा डिझेलवाल्यांची खास: व्हॅक्यूम पंप. डिझेल इंजिन पेट्रोलसारखा व्हॅक्यूम (हवेची पोकळी) तयार करत नाही, म्हणून ब्रेक हलका करणाऱ्या ब्रेक बूस्टरसाठी वेगळा पंप द्यावा लागतो. मल्टिजेटमध्ये तो हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला बसतो. त्याचं पॅकिंग गेलं की ऑइल सरळ बेल हाउसिंगवरून (क्लचभोवतीचं कवच) खाली ओघळतं आणि बघणारा म्हणतो, "मागचं क्रँक सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." (क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा.) एका छोट्या पॅकिंगच्या कामाचं असं क्लचएवढं बिल होतं. मागच्या सीलवर ठपका ठेवण्याआधी हा पंप कोरडा आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जुन्या बोलेरोसारख्या गाड्यांत पंप ऑल्टरनेटरच्या पाठीवर असतो आणि त्याला ऑइलचे पाइप जातात. तिथली गळती ऑल्टरनेटरच्या आत शिरली की चार्जिंगही जातं.

मग ऑइल फिल्टर आणि ऑइल कूलर. बाटलीसारखा फिल्टर असेल तर बदलताना जुनी रबर रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, ते तपासा. दोन रिंगांवर बसलेला फिल्टर कधीही सुटतो. कूलरच्या रिंगा कडक झाल्या की बाहेर गळती होतेच, शिवाय ऑइल आणि कूलंट एकमेकांत मिसळू शकतं. कूलंटच्या टाकीत तपकिरी साय दिसली तर गाडी तिथेच थांबवा. शेजारचा ऑइल प्रेशर स्विचही बघा, त्याचा कपलर काढून. आत ऑइल असेल तर स्विच गेला.

टर्बोला ऑइल आणणाऱ्या पाइपच्या तांब्याच्या वॉशरना आणि परतीच्या पाइपच्या जोडाला टॉर्च लावा. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होजला क्लिपपाशी हलकी ओल दिसली तर लगेच टर्बो बदलायला निघू नका. ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतला दाब बाहेर सोडणारी वाट) येणारी ऑइलची वाफ तिथे बसते. होजमध्ये वाटीभर ऑइल साचलेलं निघालं तर मात्र टर्बो तपासून घ्या.

पुढच्या क्रँक सीलची खूण वेगळी असते. पुली फिरताना ऑइल गोलाकार उडवते, त्यामुळे आजूबाजूच्या पत्र्यावर शिंतोड्यांची सरळ रेघ उमटते. मल्टिजेटला टायमिंग चेन आहे, ती ऑइलमध्येच चालते. जुन्या १.४ डिझेल इंडिकाला रबरी टायमिंग बेल्ट आहे. त्यावर ऑइल पडलं तर बेल्ट खराब होतो, आणि तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. तिथे गळती दिसली तर काम पुढे ढकलायचं नाही आणि सीलबरोबर बेल्टही बदलायचा.

चेंबरला आता या. ड्रेन बोल्टचं वॉशर, स्पीड ब्रेकरला घासल्याची खूण, आणि कोकणात समुद्राजवळ गाडी असेल तर पत्र्याला पोखरणारा गंज. गंजलेल्या जागी स्क्रू ड्रायव्हर टोचून बघायचा मोह आवरा, भोक पडलं तर टो करावी लागेल.

सील बदलण्याआधी ब्रीदर

एकाच वेळी दोन-तीन जागांहून पाझर असेल तर सील निर्दोष असण्याची शक्यता आहे. इंजिनाच्या आतला दाब ब्रीदरच्या पाइपने एअर फिल्टरच्या बाजूला जातो. तो पाइप किंवा त्यातली जाळी चिकट घाणीने तुंबली की दाब सील ढकलून बाहेर पडतो, आणि नवं सीलही फार टिकत नाही. तपासायला इंजिन गरम करून आयडलवर ठेवा, ऑइलचं झाकण सैल करा आणि उलटं करून तोंडावर नुसतं ठेवा. काही इंजिनांत गरम शिंतोडे येतात, चेहरा लांब ठेवा. झाकण जरासं थरथरलं तर ठीक. उडत असेल, भकाभक वाफ येत असेल, डिपस्टिक वर सरकत असेल तर ज्याला गॅरेजमध्ये 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात ते हेच. ब्रीदर साफ करून पुन्हा तपासा. फरक पडला नाही तर पिस्टन रिंगा झिजल्या असाव्यात. आधी कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं), मग पैसे.

याच वाटेने फार ऑइल इनटेकमध्ये गेलं तर डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत रेस होत सुटतं आणि चावी काढली तरी बंद होत नाही. असं झालंच तर ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडा, इंजिन बंद पाडा. उघड्या इनटेकवर हात ठेवायला जाऊ नका.

लगेच करायचं आणि थांबायचं

नुसती ओल, थेंब नाही, लेव्हल जागेवर: महिन्याला नजर ठेवा, खर्च नको. मागचं सील खरंच पाझरत असेल आणि क्लच सरकत नसेल, तर पुढच्या क्लचच्या कामापर्यंत थांबून दोन्ही एकत्र करा. गिअरबॉक्स एकदाच उतरेल. टर्बोवर किंवा सायलेन्सरच्या पाइपवर ऑइल पडत असेल तर आगीचा धोका आहे, थांबू नका. प्रेशरचा लाल दिवा लागला तर जागेवर इंजिन बंद.

"जाड ऑइल टाका, गळती थांबेल" हा सल्ला मल्टिजेटसारख्या इंजिनाला ऐकू नका. टर्बोला आणि चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरला कंपनीने दिलेल्या ग्रेडचंच ऑइल लागतं. सिलिकॉन भसाभस लावणाऱ्यालाही थांबवा. बाहेर जितकं दिसतं तितकंच आतही दाबलं जातं, त्याचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि ऑइलचा दाब पडतो. दोन्ही पृष्ठभाग खरडून, पुसून कोरडे, मग बारीक सलग रेघ. पाकिटावर लिहिलेला वाळण्याचा वेळ पूर्ण जाऊ द्या, त्यानंतरच ऑइल ओता आणि रात्री पुन्हा पुठ्ठा सरकवा.