बोकडाचं मूत्राशय फुटलं तर

"दोन दिवस कण्हत होता, आज गप्प आहे, बरं वाटतंय बहुतेक," असं मालक म्हणाला की माझ्याच पोटात गोळा येतो. लघवीच्या वाटेत खडा अडकून मूत्राशय फुटलं की कळ थांबते, म्हणून बोकड शांत दिसतो. पोट मात्र दोन्ही बाजूंनी सुटतं. एका कुशीवर टिचकी मारली की पलीकडच्या तळव्याला लाट लागते. मी सुईने ते पाणी काढतो आणि ते पाणी आणि रक्त दोन्हींत क्रिएटिनिन (लघवीवाटे बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ) तपासतो. पाण्यात ते रक्ताच्या दुप्पट किंवा जास्त निघालं, तर ती लघवीच. लगेच चिरायला घेऊ नये. आधी सलाईन, पोटातली लघवी हळूहळू काढणं. पोटॅशियम चढून हृदय अडखळत असेल तर शिरेतून कॅल्शियम, अगदी सावकाश. मग मूत्राशयाला टाके, लघवी बाहेर काढायला नळी. खडा तसाच राहिला तर टाके पुन्हा उसवतात. आणि हो, पुन्हा खडे नकोत म्हणून तो गव्हाचा कोंडा आवरा.