मेटाबॉलिक सिंड्रोमची गटतपासणी: या चुका टाळा

कंबरेचा वाढता घेर, रक्तदाब, साखर आणि रक्तातील चरबी या एकत्र आढळणाऱ्या तक्रारी, म्हणजेच मेटाबॉलिक सिंड्रोम, असलेल्या आठ-दहा रुग्णांना एकत्र बोलावून दीड तासात तपासणी आणि चर्चा करण्याची पद्धत बेळगाव जिल्ह्यातील खानापूर, निपाणी, चिकोडीसारख्या तालुक्यांत उपयोगी ठरू शकते. ती फसते तेव्हा बहुधा तिचे व्याख्यान झालेले असते. डॉक्टर बोलत राहतात, मंडळी माना डोलावतात आणि प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी शेवटच्या पाच मिनिटांत उरकली जाते. तपासणी आणि औषधांचा आढावा आधी, आडोशाला, एकेकट्याचा व्हावा.

मापातली चूक सर्रास होते. टेप साडीच्या निऱ्यांवरून फिरवू नये. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर घेर मोजावा. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. पाश्चात्त्यांची १०२ आणि ८८ लावली, तर कित्येक रुग्ण निसटतात. बसमधून उतरून, चहा-तंबाखू घेऊन आलेल्याचा रक्तदाब लगेच न मोजता अर्धा तास थांबावे आणि त्यातली शेवटची पाच मिनिटे त्याला शांत बसवावे.

गावात सगळेच एकमेकांचे पाहुणे, त्यामुळे आकडे मोठ्याने वाचणे घातक ठरते. सुनेचे वजन सासूसमोर जाहीर झाले, की सून पुढच्या वेळी येत नाही, आणि त्यात तिचे काही चुकत नाही. आकडे कार्डावर लिहून द्यावेत, सांगायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे.

आहाराच्या छापील तक्त्यात ओट्स असतात. ताटात मात्र खानापूरकडे भाताचा ढीग असतो. भात किती वेळा वाढून घेता, भाकरी किती, हे विचारल्यावरच चर्चा रंगते. उसाच्या या पट्ट्यात ‘साखर सोडली, आता गुळाचा चहा घेतो’ असे अभिमानाने सांगणारे हमखास भेटतात. गुळानेही रक्तातील साखर वाढते, हे न रागावता सांगावे. एकादशीची साबुदाणा खिचडीही हलकी नव्हे, ती मुख्यतः पिष्टच असते. मात्र इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्याने कडक उपवास धरल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते, म्हणून त्याच्याशी वेगळे बोलावे.

शेजारणीची गोळी बंद झाली म्हणून आपलीही बंद करणारे गटात निघतातच. निरोप घेण्यापूर्वी प्रत्येकाकडून त्याच्या गोळ्या आणि वेळा त्याच्याच तोंडून, मराठीत वा कन्नडमध्ये, वदवून घ्याव्यात.