केंद्राची कंप्रता बदलल्यावर रेडिओ पुन्हा नीट कसा लावावा

एखाद्या केंद्राने कंप्रता (फ्रिक्वेन्सी) बदलली आणि आवाजात खरखर येऊ लागली, की श्रोते नव्या आकड्याला दोष देतात. एफएमच्या बाबतीत हा दोष सहसा चुकीच्या ठिकाणी जातो, कारण ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ हा पट्टा इतका अरुंद आहे, की ९० वरून १०६ वर गेल्याने संकेताच्या जोरात पडणारा निव्वळ फरक जेमतेम दीड डेसिबलचा, म्हणजे अगदी किरकोळ असतो. खरा फरक पडतो तो आकड्याबरोबर मनोऱ्याची जागा, प्रक्षेपणाची शक्ती आणि पट्ट्यातील शेजारची केंद्रे बदलतात म्हणून.

त्यामुळे मनोराही हलला आहे का, हे केंद्राच्या घोषणेत आधी पाहावे. सपाट प्रदेशात १०० मीटर उंचीवरील अँटेनाची थेट पोच साधारण ४० किलोमीटर असते, आणि घेणारा अँटेना १० मीटर उंचीवर असल्यास तीत आणखी १३ किलोमीटरची भर पडते. मनोरा हलला असेल तर छतावरील अँटेनाचे तोंड नव्या दिशेला वळवावे. नवी कंप्रता आपोआप शोधायला न लावता हाताने लावावी, कारण शोध घेणारा संच कमजोर केंद्र ओलांडून पुढे जातो.

यानंतर आवाज कसा बिघडला आहे, हे लक्षपूर्वक ऐकावे, कारण पुढचा सगळा उपाय त्यावर ठरतो. नुसती सळसळ येत असेल तर संकेत दुबळा आहे. अशा वेळी अँटेना उंच व खिडकीजवळ न्यावा आणि संच स्टिरिओवरून मोनोवर करावा. एवढ्यानेच सळसळ बरीच कमी होते. मात्र मधूनच दुसऱ्या केंद्राचे बोलणे घुसत असेल, तर ०.२ किंवा ०.४ मेगाहर्ट्झ अंतरावर एखादे जबरदस्त स्थानिक केंद्र असण्याची दाट शक्यता आहे. येथे बूस्टर, म्हणजे संकेत वाढवणारे उपकरण, लावण्याचा मोह टाळावा, कारण तो नको असलेला संकेतही तितकाच वाढवतो आणि संचाला अधिकच गोंधळात टाकतो. उलट अँटेना आखूड करून किंवा वळवून पाहावा.

घरात आणखी एक गंमत घडते. भिंतींवरून परतणाऱ्या लहरींमुळे खोलीत काही जागी संकेत चांगला, तर काही जागी अगदी क्षीण मिळतो, आणि कंप्रता बदलली की या जागाही सरकतात. म्हणून वर्षानुवर्षे एकाच फळीवर ठेवलेला रेडिओ हातभर सरकवून पाहावा. हा उपाय फुकटचा असला तरी अनेकदा तोच पुरतो. संचावरील ओढून लांब करायच्या दांडीची योग्य लांबी मीटरमध्ये काढण्यासाठी ७५ ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागावे. त्यानुसार ९० साठी सुमारे ८३ आणि १०६ साठी सुमारे ७१ सेंटिमीटर लांबी येते, परंतु इतक्याशा फरकासाठी फार काटेकोर राहण्याचे कारण नाही.

मध्यम लहरींवर (मीडियम वेव्हवर) मात्र आकड्यालाच महत्त्व असते. जमिनीलगत जाणारी लहर कमी कंप्रतेवर अधिक दूर पोचते, म्हणून तेवढीच शक्ती असूनही १५०० किलोहर्ट्झचे केंद्र ६०० किलोहर्ट्झच्या केंद्राहून बरेच आधी मंदावते. रात्री आकाशातून परतणाऱ्या लहरींमुळे दूरची केंद्रेही त्याच आकड्यावर ऐकू येतात. त्यासाठी दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा ऐकून पाहावे. या संचांचा अँटेना आतील फेराइट (चुंबकीय पदार्थाच्या) दांडीचा असल्यामुळे बाहेरची दांडी ओढून उपयोग होत नाही, पूर्ण संचच फिरवावा लागतो. आतील दांडीचे टोक नकोशा केंद्राकडे केले, की ते केंद्र दबते.

संच एका वेळी ९ की १० किलोहर्ट्झने पुढे सरकतो, या टप्प्याची निवडही तपासावी, कारण १० चा टप्पा असलेल्या संचावर १००८ किलोहर्ट्झ नेमके लागत नाही. केंद्र नेमके ९०९ किलोहर्ट्झवर गेले असेल आणि बारीक शिट्टी ऐकू येत असेल, तर बहुधा ती संचाच्याच आत, त्याच्या ४५५ किलोहर्ट्झच्या मधल्या कंप्रतेच्या (संच आलेला संकेत आत ज्या ठरावीक कंप्रतेवर आणतो तिच्या) दुपटीमुळे तयार होते. ती अँटेना बदलून जाणार नाही. खात्रीसाठी वेगळ्या रचनेचा, डीएसपी (संकेत अंकीय पद्धतीने हाताळणारी) चिप असलेला संच त्याच जागी लावून पाहावा.