आधी खुर्चीचं काम लिहा, मग नाव घ्या

‘हा माणूस त्या पदाच्या लायकीचा आहे का?’ असा विषय निघाला की थोड्याच वेळात आवाज चढतात, आणि मग उमेदवार बाजूला राहून बोलणारेच एकमेकांची लायकी काढू लागतात. मी कॉलेजच्या मुलांना वादविवादासाठी तयार करते, स्पर्धांचं परीक्षणही करते. निवडणुका आल्या की हा विषय टळत नाही, आणि तो टाळावा असं मला वाटतही नाही. मात्र हा वाद घालायची एक रीत आहे. ती पाळली तर भांडण कमी होतं असं नाही. भांडण निदान कामाच्या गोष्टीवर होतं.

पहिला नियम: सुरुवातीची वीस मिनिटं कोणाचंही नाव घ्यायचं नाही. फळ्यावर फक्त पद लिहायचं आणि विचारायचं, या खुर्चीत बसून करायचं काय असतं? मुलं म्हणतात, ‘देश चालवायचा.’ हे उत्तर मी पुसून टाकते. अर्धवट माहितीवर आणि घाईत निर्णय घेणं, आपल्यापेक्षा हुशार माणसं निवडून त्यांना टिकवणं, नको असलेली बातमी ऐकून घेणं, विरोधकांशी तडजोड करणं, मुदत संपली की मुकाट्याने उठणं, अशी कामं फळ्यावर यायला हवीत. पद बदललं की यादीही बदलते. भारताचे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. अमेरिकेचा अध्यक्ष स्वतः सरकार चालवतो आणि सैन्याचा सरसेनापतीही तोच. पहिल्या पदासाठी राज्यघटनेची जाण आणि संयम यांना जास्त गुण, दुसऱ्यासाठी प्रशासन हाकण्याच्या कुवतीला. एकाच माणसाला एका खुर्चीसाठी ‘हो’ आणि दुसरीसाठी ‘नाही’ म्हणता येतं. ही यादी नावं येण्याआधीच झाली पाहिजे. नंतर केलीत तर प्रत्येक जण आपल्या उमेदवाराच्या मापाचा अंगरखा शिवतो.

कायद्याची पात्रता दोन मिनिटांत उरकायची. अमेरिकेच्या अध्यक्षाला किमान ३५ वर्षं वय, जन्माने नागरिकत्व आणि देशात १४ वर्षं वास्तव्य लागतं. भारताच्या राष्ट्रपतिपदासाठीही वय ३५, लोकसभेसाठी २५. शिक्षणाची अट दोन्हीकडे नाही. संविधान सभेत २६ नोव्हेंबर १९४९ रोजी समारोपाच्या भाषणात राजेंद्र प्रसादांनी याबद्दल खंत बोलून दाखवली होती: कायदा राबवणाऱ्यांकडून आपण मोठी पात्रता मागतो, आणि कायदा करणाऱ्यांकडून निवडून येण्यापलीकडे काहीच मागत नाही. खंत रास्त होती, पण दार रुंद ठेवलं गेलं आणि पारख मतदारावर सोडली गेली. म्हणून ‘कायद्याने उभं राहता येतं’ हे आपल्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. ‘पदवी नाही’ हेही नव्हे. अमेरिकेच्या अध्यक्षांपैकी हॅरी ट्रुमनकडे कॉलेजची पदवी नव्हती, वुड्रो विल्सनकडे डॉक्टरेट होती. नुसत्या पदवीवरून दोघांबद्दल काहीच ठरत नाही.

खरी गंमत अनुभवाच्या मुद्द्यावर येते. त्यासाठी मी दोन चिठ्ठ्या वाटते, नावं झाकून. पहिली: पदवीधर, वकील, अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, कनिष्ठ सभागृहात दहा वर्षं, रशियात राजदूत, सिनेटमध्ये म्हणजे वरिष्ठ सभागृहात दहा वर्षं, परराष्ट्रमंत्री चार वर्षं, मग ब्रिटनमध्ये राजदूत. दुसरी: सगळी शाळा मिळून वर्षभराचीही नाही, स्वतः वाचून वकील झालेला, राज्याच्या विधिमंडळात आठ वर्षं, काँग्रेसमध्ये एकच मुदत म्हणजे दोन वर्षं, सिनेटसाठी दोनदा प्रयत्न आणि दोन्ही वेळा अपयश. देश फुटायच्या बेतात आहे, खुर्ची कोणाला द्याल?

हात बहुतेक पहिल्याच चिठ्ठीला वर होतात. मग मी नावं उघडते. पहिले जेम्स ब्युकॅनन, दुसरे अब्राहम लिंकन. डिसेंबर १८६० मध्ये राज्यं फुटायला लागली तेव्हा ब्युकॅनन म्हणाले की राज्यांना फुटायचा अधिकार नाही, पण त्यांना रोखायचा अधिकार आपल्यालाही नाही. ते पायउतार होईपर्यंत सात राज्यं बाहेर पडली होती.

इथे वर्गात हमखास हशा पिकतो आणि कोणीतरी चुकीचा धडा घेतं. एकदाचा संवाद असा:

‘म्हणजे मॅडम, अनुभवाला काही अर्थच नाही!’
‘असं कोण म्हणालं? लिंकनना अनुभव नव्हता?’
‘दोन वर्षांचा फक्त.’
‘कशाचा?’
‘काँग्रेसचा.’
‘आणि १८५८ मध्ये गावोगावी जाऊन सिनेटच्या जागेवरचा प्रतिस्पर्धी डग्लसशी सात जाहीर वाद घातले, ते कशावर?’
‘गुलामगिरीवर.’
‘देश कशावरून फुटत होता?’

मग शांतता. मुद्दा एवढाच की किती वर्षं हे विचारू नका, कशाची वर्षं हे विचारा. चिठ्ठीवर पदं होती. त्या पदांवर बसून माणसाने काय केलं ते नव्हतं. आयझेनहॉवर अध्यक्ष होण्याआधी एकही निवडणूक लढले नव्हते, पण दुसऱ्या महायुद्धात अनेक देशांच्या सेनापतींना एका दावणीला बांधण्याचं काम त्यांनी केलं होतं. ‘राजकीय अनुभव शून्य’ असं त्यांच्याबद्दल म्हणणाऱ्याने आपली यादी पुन्हा वाचावी. उलट उदाहरण ब्रिटनच्या माजी पंतप्रधान लिझ ट्रस यांचं. तीन पंतप्रधानांच्या हाताखाली वरिष्ठ मंत्रिपदं सांभाळली होती. २३ सप्टेंबर २०२२ ला त्यांच्या सरकारने पैशाची सोय न दाखवता मोठ्या करकपाती जाहीर केल्या, पौंड घसरला, बँक ऑफ इंग्लंडला मध्ये पडावं लागलं आणि पंतप्रधान झाल्यापासून ४९ दिवसांत पद गेलं. करकपातीचा इरादा त्यांनी प्रचारात उघड सांगितला होता, प्रतिस्पर्ध्याने धोकाही बोलून दाखवला होता. पदांची यादी बघणाऱ्यांना तो दिसला नाही. त्यांचं म्हणणं मनावर घेणाऱ्यांना दिसला.

पुराव्यांना मी उतरंड लावून देते. सगळ्यात वर, अडचणीच्या वेळी माणसाने काय केलं. त्याखाली, हाताखाली काम केलेली माणसं काय सांगतात, विशेषतः सोडून गेलेली. त्याखाली, तो स्वतः काय करू म्हणतो. तळाला, तो बोलतो कसा. ट्रुमन १९४४ मध्ये उपाध्यक्षपदाला उभे होते, तेव्हा त्यांच्याबद्दल वाद घालायचा असता तर पदवीऐवजी १९४१ पासूनची त्यांची सिनेट समिती काढायला हवी होती. युद्धाच्या कंत्राटांतली उधळपट्टी ती शोधत होती, आणि सरकार त्यांच्याच पक्षाचं होतं. पुढच्याच एप्रिलमध्ये ते अध्यक्ष झाले तेव्हा अणुबाँबच्या प्रकल्पाचा तपशीलही त्यांना कोणी सांगितलेला नव्हता.

तळाच्या पायरीबद्दल जरा जास्त बोलते, कारण स्पर्धांत सगळे तिथेच घसरतात. ५ ऑक्टोबर १९८८ ची अमेरिकी उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांची चर्चा. डॅन क्वेल ४१ वर्षांचे. अध्यक्षपद अचानक अंगावर आलं तर काय कराल, असं त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं गेलं. शेवटी ते म्हणाले, अध्यक्षपदासाठी उभे राहताना जॅक (म्हणजे जॉन एफ.) केनेडींना काँग्रेसचा जेवढा अनुभव होता तेवढा मलाही आहे. त्यावर समोरचे उमेदवार लॉइड बेन्ट्सन यांनी सुनावलं की केनेडी माझे मित्र होते, तुम्ही काही जॅक केनेडी नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. आजही मुलं ते वाक्य पाठ करून येतात. पण सांगा, त्या वाक्याने कोणता मुद्दा खोडला? वर्षांचा हिशेब जवळपास बरोबर होता: क्वेल यांची बारा, केनेडींची चौदा. मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला. आणि क्वेल यांनी जॅक केनेडींचे भाऊ सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्या साथीने १९८२ मध्ये नोकरीच्या प्रशिक्षणाचा कायदा मार्गी लावला होता, ही तोलून बघण्याजोगी गोष्ट त्या टाळ्यांत बुडाली. मी परीक्षक असते तर बेन्ट्सनना वक्तृत्वाचे पूर्ण गुण दिले असते, युक्तिवादाचे फार थोडे. (निवडणूक मात्र क्वेल यांच्याच बाजूने जिंकली.)

१९८४ च्या निवडणुकीत अमेरिकेचे अध्यक्ष असलेल्या ७३ वर्षांच्या रेगनना वयाबद्दल विचारलं, तेव्हा ते म्हणाले की प्रतिस्पर्ध्याच्या तरुणपणाचं आणि अननुभवाचं मी राजकीय भांडवल करणार नाही. प्रतिस्पर्धी मॉन्डेलसुद्धा हसले. प्रश्न होता की संकटात दिवसेंदिवस फारशी झोप न मिळता काम करता येईल का. कोणी हसवलं की वहीत ‘उत्तर आलं नाही’ एवढंच लिहून ठेवा आणि प्रश्न पुन्हा विचारा. तब्येतीचा प्रश्न असभ्य मानू नका. १९१९ मध्ये विल्सनना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांच्या प्रकृतीची खरी स्थिती देशापासून लपवून ठेवली गेली. फक्त हा प्रश्न कुचेष्टा म्हणून न विचारता पदाच्या कामाशी जोडून विचारा.

आरोपांची गोष्ट थोडक्यात: तक्रार, आरोपपत्र आणि दोषसिद्धी या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. बोलणाऱ्याने कोणती ते आधी सांगावं, नाहीतर खाली बसावं.

आता ‘आपला तो बाब्या’ची तपासणी. वाद ऐन रंगात आला की मी थांबवते आणि दोन्ही बाजूंना उमेदवारांची अदलाबदल करायला लावते. तुमच्या उमेदवाराने तीनदा पक्ष बदलला ती ‘लवचिकता’, आणि त्यांच्याने बदलला तर ‘संधिसाधूपणा’? एकच शब्द निवडा आणि दोघांना लावा. चेहरे बघण्यासारखे होतात. काही जण इथे चिडतात, चिडू द्यावं.

संपताना मतदान घेऊ नका, त्याने कोण किती जोरात बोललं एवढंच कळतं. त्याऐवजी प्रत्येकाने एका चिठ्ठीवर लिहायचं: माझ्या उमेदवाराबद्दल कोणती एक गोष्ट खरी निघाली तर तो या पदाला नालायक आहे असं मी मान्य करीन? नाव घालून, तारीख घालून चिठ्ठ्या जपून ठेवा. काही जण कोरी चिठ्ठी देतात. त्यांना मी पुढच्या वेळी वेळाधिकारी करते. घंटा वाजवायची, बोलायचं नाही.