वायरलेस प्रिंटर वारंवार ‘ऑफलाइन’ होत असल्यास काय करावे: बिघाड शोधण्याची आणि मुळापासून दूर करण्याची रीत

लहान कार्यालयात वायफायवर चालणारा प्रिंटर बसवला की सुरुवातीला सगळे सुरळीत चालते आणि मग एके दिवशी संगणकाच्या पडद्यावर प्रिंटरच्या नावापुढे ‘ऑफलाइन’ असे दिसू लागते. प्रिंटर चालू असतो, त्यावरचा वायफायचा दिवाही लागलेला असतो, इंटरनेटही व्यवस्थित असते. तरी कागद काही बाहेर येत नाही. अशा वेळी बहुतेक ठिकाणी प्रिंटर बंद करून पुन्हा चालू केला जातो, तेवढ्याने भागले नाही तर तो संगणकावरून काढून टाकून नव्याने जोडला जातो आणि काम सुरू झाले की विषय तिथेच सोडून दिला जातो. काही दिवसांनी तीच तक्रार पुन्हा उभी राहते.

नव्याने जोडल्यावर प्रिंटर का चालू लागतो, याचा विचार केला तर दुखण्याचे मूळ बहुधा हाती लागते. नेटवर्कवरील प्रत्येक यंत्राला राउटर एक आयपी ॲड्रेस देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.३७, आणि संगणक प्रिंट पाठवताना त्याने पूर्वी नोंदवून ठेवलेल्या ॲड्रेसवरच पाठवतो. राउटरने मध्यंतरी प्रिंटरला दुसरा ॲड्रेस दिला असेल, तर संगणकाला ते समजत नाही. प्रिंटर काढून पुन्हा जोडताना नवा ॲड्रेस नोंदला जातो, म्हणून काम चालू होते. ॲड्रेस बदलण्याचे कारण मात्र तसेच राहते. अर्थात प्रत्येक तक्रारीमागे हेच कारण असते असे नाही. म्हणून कोणतेही बटण दाबण्यापूर्वी संपर्क नेमका कुठे तुटतो आहे हे ठरवणे आवश्यक आहे. पुढील पायऱ्या इंटरनेट कंपनीने दिलेला एक राउटर, विंडोजचे पाच-सहा संगणक आणि एक लेझर प्रिंटर अशी व्यवस्था गृहीत धरून लिहिल्या आहेत, कारण आपल्याकडील बहुतांश लहान कार्यालयांत हीच व्यवस्था असते.

पायरी १: संपर्क कुठे तुटतो ते शोधा

प्रथम प्रिंटरच्या मेनूमधून नेटवर्कची माहिती देणारे पान छापून घ्या. ‘नेटवर्क’, ‘रिपोर्ट्स’ किंवा ‘इन्फॉर्मेशन’ या विभागांत हा पर्याय सापडतो आणि छपाईसाठी संगणक लागत नाही. या पानावर प्रिंटर कोणत्या वायफायला जोडला आहे त्याचे नाव, त्याचा सध्याचा आयपी ॲड्रेस आणि मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा न बदलणारा नेटवर्क क्रमांक, असतो. अनेक मॉडेलमध्ये सिग्नलची ताकदही दिलेली असते. ॲड्रेस १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर प्रिंटरला राउटरकडून ॲड्रेस मिळालेलाच नाही आणि दोष वायफायच्या जोडणीत आहे, हे तिथेच स्पष्ट होते.

त्यानंतर संगणकावर ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडा, समोरचे यंत्र उत्तर देते का ते पाहणारा पिंग (ping) हा आदेश लिहून त्यापुढे पानावरचा ॲड्रेस द्या आणि एंटर दाबा. उत्तर वाचताना थोडी काळजी घ्यावी लागते. ओळीत ‘रिप्लाय फ्रॉम’ दिसले की प्रिंटरने उत्तर दिले असा समज होतो. पण त्याच ओळीच्या शेवटी ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असेल, तर ते उत्तर बहुधा तुमच्याच संगणकाने दिलेले असते. ओळीतला ॲड्रेस प्रिंटरचा आहे की संगणकाचा, हे नीट पाहिले की घोटाळा होत नाही.

प्रिंटरकडून उत्तर येत असेल आणि तरीही संगणक ‘ऑफलाइन’ म्हणत असेल, तर वायफाय ठीक आहे. दोष ॲड्रेसच्या नोंदीत किंवा विंडोजच्या सेटिंगमध्ये आहे, तेव्हा पायरी २ आणि ३ करा. उत्तर येतच नसेल किंवा मधूनमधून ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ असे दिसत असेल, तर पायरी ४ पासून सुरुवात करून नंतर मागे या.

पायरी २: प्रिंटरचा ॲड्रेस कायम करा

या सगळ्या खटाटोपात ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी हीच बहुतेक ठिकाणी वगळली जाते. राउटर ॲड्रेस देतो तो ठरावीक मुदतीसाठी; अनेक राउटरमध्ये ही मुदत २४ तासांची असते. प्रिंटर सतत चालू असेल तर मुदत संपण्यापूर्वीच तो ती वाढवून घेतो. शनिवार-रविवार कार्यालय बंद असेल आणि प्रिंटरही बंद असेल, तर मुदत संपते आणि तोच ॲड्रेस सोमवारी सकाळी एखाद्या कर्मचाऱ्याच्या फोनला मिळू शकतो. वीज जाऊन आल्यावरही असेच घडते, कारण साधे राउटर बंद पडले की दिलेल्या ॲड्रेसची यादी विसरतात आणि पुन्हा पहिल्यापासून वाटप सुरू करतात. सोमवारी सकाळी किंवा वीज आल्यानंतर तक्रार येत असेल, तर ॲड्रेस बदलला असण्याची शक्यता फार मोठी असते.

यावर उपाय म्हणजे राउटरमध्ये प्रिंटरसाठी एक ॲड्रेस राखून ठेवणे. ब्राउझरमध्ये राउटरचा ॲड्रेस टाका. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राउटरच्या खालच्या बाजूच्या लेबलवर लिहिलेला असतो. आत गेल्यावर ‘लॅन’ किंवा ‘डीएचसीपी’ या विभागात ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ अथवा ‘स्टॅटिक लीज’ असा पर्याय शोधा, प्रिंटरचा मॅक ॲड्रेस तिथे भरा, त्यापुढे हवा तो आयपी ॲड्रेस द्या, बदल सेव्ह करा आणि प्रिंटर एकदा बंद करून चालू करा. मॅक ॲड्रेस भरताना एक गोष्ट तपासा: ज्या प्रिंटरला केबलचीही सोय असते, त्याला केबलचा आणि वायफायचा असे दोन वेगवेगळे मॅक ॲड्रेस असतात, आणि छापलेल्या पानावर दोन्ही दिलेले असू शकतात. वायफायवर चालणाऱ्या प्रिंटरसाठी वायफायचाच घ्यावा, नाही तर राखीव ॲड्रेस कधीच लागू होत नाही.

काही जण राउटरला हात न लावता प्रिंटरच्याच मेनूतून ॲड्रेस हाताने भरतात. ते चालते; पण राउटर ज्या आकड्यांच्या दरम्यान वाटप करतो, त्याच्या बाहेरचा ॲड्रेस निवडावा लागतो. राउटर ॲड्रेसच्या शेवटच्या भागात १०० ते १९९ या आकड्यांत वाटप करत असेल तर प्रिंटरला १९२.१६८.१.५० देता येईल, १९२.१६८.१.१२० देऊ नये. तसे केल्यास राउटर तोच ॲड्रेस दुसऱ्या यंत्राला देऊ शकतो, आणि मग प्रिंटर कधी चालतो व कधी नाही, याचा काहीच मेळ लागत नाही. शक्य असेल तिथे राउटरमधली नोंदच करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

पायरी ३: विंडोजमधील पोर्ट बदला

ॲड्रेस कायम झाला तरी प्रत्येक संगणकाला तो सांगावा लागतो. प्रिंट कुठे पाठवायची याची विंडोजमधली नोंद म्हणजे पोर्ट. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ उघडा, आपला प्रिंटर निवडा आणि ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मधील ‘पोर्ट्स’ हा टॅब पाहा. तिथे टिक केलेल्या ओळीची सुरुवात ‘डब्ल्यूएसडी’ या अक्षरांनी होत असेल, तर विंडोजने प्रिंटर आपोआप शोधून जोडलेला आहे. या पद्धतीत प्रिंटर नेटवर्कवर आपली उपस्थिती स्वतः जाहीर करतो. राउटरने ते संदेश अडवले किंवा प्रिंटर झोपेत असला की विंडोज त्याला गैरहजर धरते. ‘ॲड पोर्ट’वर क्लिक करून ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडा, ‘न्यू पोर्ट’ दाबा आणि राखून ठेवलेला ॲड्रेस भरा. नवा पोर्ट निवडला गेला आहे याची खात्री करून चाचणीचे एक पान छापा.

पिंगला उत्तर येते आणि पोर्टही बरोबर आहे, तरी ‘ऑफलाइन’ जात नाही, असेही होते. त्यासाठी त्याच टॅबमध्ये ‘कॉन्फिगर पोर्ट’ उघडून ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ समोरची टिक काढा. विंडोज या मार्गाने प्रिंटरची विचारपूस करते आणि प्रिंटरने त्या विशिष्ट प्रश्नाला उत्तर दिले नाही, तर तो छपाईला तयार असूनही त्याला ऑफलाइन ठरवते. प्रिंटरच्या रांगेच्या मेनूमध्ये ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’वर चुकून टिक राहिली नाही ना, हेही पाहून घ्या. लॅपटॉपवर मुख्य कार्यालयाचे व्हीपीएन, म्हणजे तिथल्या नेटवर्कशी इंटरनेटवरून केलेली सुरक्षित जोडणी, चालू असेल, तर ते बंद करून तपासा. काही व्हीपीएन चालू असताना शेजारच्या टेबलावरचा प्रिंटरही दिसेनासा होतो.

जुनी अडकलेली कामे रांगेत असतील तर नवी पुढे सरकत नाहीत. ‘सर्व्हिसेस’मध्ये छपाईची रांग सांभाळणारा ‘प्रिंट स्पूलर’ रीस्टार्ट करावा.

पायरी ४: वायफायचा संपर्कच तुटत असेल तर

अनेक कार्यालयीन प्रिंटर केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतात. आजचे अनेक राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि कोणाला कुठे जोडायचे ते स्वतः ठरवतात. फोन-लॅपटॉपसाठी ही सोय चांगली असली, तरी काही प्रिंटर यात गोंधळतात. राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झला वेगळे नाव देऊन प्रिंटर त्याला जोडावा. त्याचबरोबर चॅनेल ‘ऑटो’वर न ठेवता १, ६ किंवा ११ यांपैकी एक ठरवून द्यावा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. राउटरने आपणहून चॅनेल बदलला की काही प्रिंटर सुटतात आणि पुन्हा जोडून घेत नाहीत. सुरक्षेच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए३ असेल आणि प्रिंटर जुना असेल, तर डब्ल्यूपीए२ निवडावे; मात्र पासवर्ड मोठा आणि अवघड ठेवावा, आणि प्रिंटर चालावा म्हणून नेटवर्क विनापासवर्ड कधीही करू नये.

इंटरनेट कंपनीने दिलेल्या यंत्राला आपला स्वतःचा दुसरा राउटर जोडलेला असेल, तर तिकडे विशेष लक्ष द्या. अशा कार्यालयात अनेकदा दोन स्वतंत्र वायफाय चालू असतात. प्रिंटर एकावर आणि संगणक दुसऱ्यावर जातो. संगणकाचा ॲड्रेस १९२.१६८.०ने आणि प्रिंटरचा १९२.१६८.१ने सुरू होत असेल, तर हेच झाले आहे असे समजा. कोणत्याही एका यंत्राचे वायफाय बंद करून सर्वांना एकाच नेटवर्कवर आणणे हा सरळ मार्ग आहे. ‘गेस्ट’ नेटवर्कवर प्रिंटर मुळीच ठेवू नये, कारण तिथे एक यंत्र दुसऱ्याला दिसू नये अशीच योजना असते.

ठरावीक वेळ वापर झाला नाही की संपर्क जात असेल आणि प्रिंटरवरचे बटण दाबताच पिंगला उत्तर येऊ लागत असेल, तर वीज वाचवण्याची सेटिंग कारणीभूत आहे. ‘स्लीप’ची वेळ वाढवावी आणि ‘ऑटो ऑफ’ बंद करावे. राउटर आणि प्रिंटर यांच्यामध्ये लोखंडी कपाट असेल तर सिग्नल कमी होतो. प्रिंटरची जागा बदलून पायरी १ मधले नेटवर्कचे पान पुन्हा छापा. सिग्नल उणे ६५ डीबीएमच्या आसपास असेल तर तो चांगला, उणे ८०पर्यंत खाली गेला तर संपर्क टिकणे कठीण. राउटर छोट्या यूपीएसवर ठेवल्यास वीज गेल्यावर तो बंद पडत नाही. लेझर प्रिंटर मात्र त्या यूपीएसला जोडू नये, कारण त्यातला तापणारा भाग एकदम बराच विद्युतप्रवाह ओढतो.

पायरी ५: तरीही फरक पडला नाही तर

कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून प्रिंटरचे फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आत चालणारे सॉफ्टवेअर, अद्ययावत करा. हे काम चालू असताना वीज जाणार नाही अशी वेळ निवडा. नंतर एका फोनचा हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर चालू करून प्रिंटर आणि एक लॅपटॉप त्याला जोडा आणि पिंग करत राहा. हॉटस्पॉटवर संपर्क टिकला तर दोष राउटरमध्ये आहे. जवळ ठेवलेल्या हॉटस्पॉटवरही तो तुटत राहिला, तर प्रिंटरचा वायफायचा भाग निकामी होत आला आहे, असे मानायला हरकत नाही.

प्रिंटरला नेटवर्क केबलची खाच असेल, तर दुरुस्तीवर पैसे घालण्यापूर्वी कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल ओढून तो थेट राउटरला जोडावा. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते, आणि एकाच जागी राहणाऱ्या प्रिंटरसाठी मला तरी हीच सोय सर्वांत भरवशाची वाटते. केबल जोडल्यावर अनेक मॉडेल वायफाय आपोआप बंद करतात आणि मॅक ॲड्रेस बदलतो, म्हणून राउटरमधली जुनी नोंद काढून केबलच्या मॅक ॲड्रेससाठी तोच आयपी ॲड्रेस राखून ठेवावा. असे केल्यास एकाही संगणकावरचा पोर्ट पुन्हा बदलावा लागत नाही.