मीठ-साखरेचं पाणी अंदाजानं नको: आधी काकडी चिरून बघा

उन्हाळा आला, टँकरचं पाणी सुरू झालं की आमच्या परभणीकडं घरोघरी कुणाला तरी जुलाब लागतातच, मग शेजारची काकू सांगते मीठ-साखरेचं पाणी पाज, आन किती टाकू विचारलं तर म्हणते "टाक की अंदाजानं". घोळ इथंच होतो बगा.

आधी एक काकडी चिरा. अर्ध्या चकत्यांवर मीठ भुरभुरा, अर्ध्या तशाच ठेवा. पंधरा-वीस मिनिटांनी मीठवाली चकती वाकवून बघा, कट्‌कन मोडत नाही, नुसती वाकते आणि खाली वाटीत पाणी साचलेलं. पेशीच्या पडद्यातून पाणी निघून जातं पण मीठ तसं सहज आत शिरत नाही, म्हणून जिकडं मीठ जास्त तिकडं पाणी ओढलं जातं. यालाच परासरण म्हणतात, बारावीला नुसतं पाठ केलं होतं, कळलं ते कोशिंबीर करताना.

आता पेलाभर पाण्यात चार चमचे साखर टाकून लेकराला पाजली तर आतड्यात हेच होतं, अंगातलं पाणी उलटं आतड्यात ओढलं जातं, जुलाब वाढतात. कोल्ड्रिंकही म्हणूनच नको.

माप असं: उकळून गार केलेलं 1 लिटर पाणी, साखर 6 सपाट चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. चमचा चहाचा, 5 मिलीचा, वरून बोटानं सपाट केलेला. शीग लावायची नाही!

मग साखर टाकायचीच कामून? तर आतड्याच्या पेशीवर एक वाहक प्रथिन असतं, ते ग्लुकोजचा (साखर पोटात फुटून होतं ते) एक रेणू आत नेताना मिठातले सोडियमचे दोन आयन सोबत घेतं, दोघं जोडीनंच जातात आणि त्यांच्या मागं पाणी. जुलाबातही हे दार बहुतेक चालूच असतं. 1971 ला बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या पेशंटना असंच मीठ-ग्लुकोजचं पाणी तोंडानं पाजून लई जीव वाचवले.

दोन वर्षांखालच्या लेकराला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत, हळू. अंगावरचं दूध बंद करू नका. मेडिकलातली ओआरएसची (तयार मीठ-साखरेची) पुडी मिळाली तर तीच बरी, फक्त किती पाण्यात टाकायची ते पुडीवर वाचा, लहान पुड्या पेलाभर पाण्याच्या बी असतात. केलेलं पाणी 24 तासांनी फेकून द्या, आणि लेकरू सुस्त पडलं, लघवी बंद झाली किंवा शौचात रक्त दिसलं तर मापं मोजत बसू नका, दवाखाना गाठा.