ग्रँटच्या अर्जाआधी काय काय हाताशी हवं

डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत चर्चच्या तळघरात मुलांचे अभ्यासवर्ग घेणारी किंवा म्हाताऱ्या माणसांना डॉक्टरकडे नेऊन आणणारी संस्था बहुतेक वेळा दोन पगारी माणसं आणि एका लॅपटॉपवर चाललेली असते. नोव्ही, ट्रॉय, कँटन या उपनगरांकडची आपली मराठी मंडळी तिथे जातात. कुणी हिशेब बघायला, कुणी वेबसाइट करून द्यायला. मग कधीतरी त्यांना बोर्डावर घेतलं जातं आणि ग्रँटचं, म्हणजे अनुदान मिळवण्याचं, काम अलगद गळ्यात पडतं. ही यादी त्यांच्यासाठी. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामीची प्रथा मोडून काढणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केलं होतं, हे पहिल्याच बैठकीत सांगायचा मोह आपल्याला होतोच. जरूर सांगा, पण आधी बँकेचं स्टेटमेंट मागा.

कागदांपासून सुरुवात करू, कारण ते काम कंटाळवाणं असलं तरी लवकर उरकतं. आयआरएसचं, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याचं, ५०१(सी)(३) मान्यतेचं (करमुक्त धर्मादाय संस्था असल्याचं) पत्र शोधा. त्यावरचं नाव, ईआयएन नंबर (करखात्याने संस्थेला दिलेला ओळख क्रमांक) आणि बँक खात्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते बघा. मग आयआरएसच्या करमुक्त संस्थांच्या शोधयादीत जाऊन संस्था आजही मान्यताप्राप्त आहे याची खात्री करा. फॉर्म ९९० हे वार्षिक विवरणपत्र सलग तीन वर्षं भरलं नाही तर मान्यता आपोआप रद्द होते आणि कित्येक छोट्या संस्थांना ते देणगीदाराकडूनच कळतं. वार्षिक जमा ५०,००० डॉलरच्या आत असेल तर ९९०-एन हे पोस्टकार्डाएवढं विवरणपत्र पुरतं. तेवढंही राहून जातं, कारण ते भरणारी बाई गाव सोडून गेलेली असते आणि पासवर्ड तिच्याकडेच असतो. म्हणून पासवर्ड कुणाकडे आहेत, हाही यादीतलाच एक कागद समजा. सोबत बोर्डाच्या सदस्यांची यादी, हितसंबंधांबाबतचं धोरण, चालू वर्षाचं मंजूर अंदाजपत्रक आणि मागच्या दोन-तीन वर्षांचे ताळेबंद एकाच फोल्डरमध्ये ठेवा.

केंद्र सरकारचा पैसा हवा असेल तर सॅम डॉट गव्ह या सरकारी वेबसाइटवर नोंदणी लागते. एप्रिल २०२२ पासून संस्थेची ओळख पटवणारा जुना डन्स नंबर गेला आणि त्याच्या जागी तिथूनच मिळणारा यूईआय नंबर आला. नोंदणी फुकट आहे, दर वर्षी नवी करावी लागते आणि नाव-पत्त्यात थोडा फरक निघाला तरी अडकून पडते. नोंदणी करून देतो म्हणून पैसे मागणारे ईमेल येतील, ते सरळ पुसून टाका.

संस्थेला अजून मान्यताच नसेल तर दुसऱ्या मान्यताप्राप्त संस्थेच्या छत्राखाली, म्हणजे फिस्कल स्पॉन्सर घेऊन, अर्ज करता येतो. ती संस्था काही टक्के कापते. किती टक्के आणि पैसे आपल्या हातात किती दिवसांत येणार, हे दोन्ही लेखी घ्या.

आता मुख्य गोष्ट. शहराच्या आणि सरकारच्या कित्येक ग्रँट ‘आधी खर्च करा, मग बिलं पाठवा’ अशा पद्धतीच्या असतात. मंजुरीचं पत्र हातात असतं, पण पहिला चेक यायला महिने जातात आणि पगार तर दर पंधरवड्याला द्यायचा असतो. मोठी संस्था हे सहज झेलते. कृष्णवर्णीयांनी चालवलेल्या संस्थांचं नेमकं इथेच अडतं. नव्या सामाजिक संस्थांना पैसा देणारी इकोइंग ग्रीन आणि सल्लागार संस्था ब्रिजस्पॅन यांनी २०२० मध्ये इकोइंग ग्रीनकडे आलेल्या अर्जदार संस्थांचे आकडे तपासले. कृष्णवर्णीय नेतृत्वाच्या संस्थांचं उत्पन्न गोऱ्या नेतृत्वाच्या संस्थांपेक्षा २४ टक्के कमी निघालं. पण कुठल्याही अटीविना हाती असलेली मोकळी शिल्लक मात्र तब्बल ७६ टक्के कमी होती. माझ्या मते या विषयातला सगळ्यात बोलका आकडा हाच. काम चालू ठेवण्यापुरता पैसा मिळतो, पण उसंत घेण्यापुरता मिळत नाही. त्यामुळे अर्ज करण्याआधी महिनावार रोख रकमेचा तक्ता मांडा. कुठल्या महिन्यात खातं शून्याखाली जातंय ते त्यात दिसेल. तेवढी रक्कम कुठून भागवायची ते आधी ठरवा : बँकेची पत, एखाद्या देणगीदाराचं बिनव्याजी उसनं, किंवा ग्रँट देणाऱ्याकडूनच आगाऊ हप्ता. आगाऊ मागायला लाजू नका. भागत नसेल तर ती ग्रँट सोडून देण्यात शहाणपण आहे.

याच तक्त्यातून खरा खर्चही कळतो. अभ्यासवर्गाचा खर्च म्हणजे वह्या आणि शिक्षकाचं मानधन एवढाच नसतो. तळघराचं हीटिंग, विमा, हिशेबनीस, अहवाल लिहिणाऱ्याचे तास हेही त्यात येतात. केंद्राच्या ग्रँटमध्ये, स्वतःचा वाटाघाटी केलेला दर नसलेल्या संस्थेला अशा अप्रत्यक्ष खर्चापोटी १ ऑक्टोबर २०२४ पासून १५ टक्क्यांपर्यंत धरता येतं. आधी ही मर्यादा १० टक्के होती. खाजगी फाउंडेशनांचे नियम आपापले असतात, विचारून घ्या. काटकसरी दिसावं म्हणून हा आकडा शून्य लिहिणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. तो भार शेवटी संचालिकेच्या न घेतलेल्या पगारावर पडतो.

‘तुम्ही निम्मे उभे करा, निम्मे आम्ही देतो’ ही अटही नीट पारखून घ्या. तिला मोठी परंपरा आहे. १९१३ ते १९३२ या काळात ज्युलियस रोझेनवाल्ड या उद्योगपतीच्या पैशातून अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे ५,००० शाळा उभ्या राहिल्या आणि लोकवर्गणी ही त्यातली अट होती. कर भरूनही सरकारी शाळा धड न मिळालेल्या त्या लोकांनी सुमारे ४७ लाख डॉलर उभे केले, रोझेनवाल्डच्या वाट्यापेक्षाही जास्त. आजही स्वयंसेवकांचे तास आणि चर्चने फुकट दिलेली जागा वाट्यात धरता येते का, ते विचारा. धरता येत असेल तर हजेरीची वही आजच सुरू करा.

कुणाकडे मागायचं, हे त्या फाउंडेशनच्या वेबसाइटवरून फारसं कळत नाही. तिचा फॉर्म ९९०-पीएफ, म्हणजे खाजगी फाउंडेशनांचं वार्षिक विवरणपत्र, काढून वाचा. त्यात कुणाला किती दिलं याची यादी असते. दक्षिण-पूर्व मिशिगनमध्ये देते का, तुमच्याएवढ्या संस्थेला कधी दिलंय का, साधारण रक्कम किती, एवढं बघितलं की निम्मी नावं गळतात. बॅटल क्रीकचं केलॉग, ट्रॉयचं क्रेस्गी ही मोठी नावं सगळ्यांच्या तोंडी असतात; पण पहिला फोन स्थानिक कम्युनिटी फाउंडेशनला (आपल्या भागातल्या देणग्या गोळा करून तिथेच वाटणाऱ्या संस्थेला) करावा हे बरं. अर्ज हाताळणाऱ्या प्रोग्रॅम ऑफिसरशी दहा मिनिटं बोलणं झाल्याशिवाय लांबलचक अर्ज लिहायला बसू नका.

भाषेबाबत मात्र आता फार जपावं लागतं. अटलांटाचा फिअरलेस फंड हा गुंतवणूक निधी फक्त कृष्णवर्णीय महिला उद्योजकांना २०,००० डॉलरची ग्रँट स्पर्धेतून देत होता. त्याच्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये खटला झाला आणि जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने ती स्पर्धा रोखली. आधार कुठला, तर नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांच्या संरक्षणासाठी केलेला १८६६ चा नागरी हक्क कायदा! सप्टेंबरात तडजोड होऊन योजना बंद झाली. प्रकरण उद्योगांचं होतं, पण देणाऱ्यांचे वकील तेव्हापासून सावध झाले आहेत. तेव्हा सेवा कुणाला मिळणार हे वस्ती, उत्पन्न आणि गरज यांवरून मांडा, आणि दार सगळ्यांना उघडं आहे हे स्पष्ट लिहा. जनगणनेच्या ट्रॅक्टनुसार (छोट्या विभागांनुसार) आकडे फुकट मिळतात, ते जोडा. इतिहास मात्र गाळू नका. डेट्रॉइटमध्ये एट माइल रोडजवळ कृष्णवर्णीयांची वस्ती वेगळी पाडणारी भिंत आजही उभी आहे. गोऱ्यांसाठीच्या नव्या घरांना सरकारी हमीचं कर्ज मिळावं म्हणून ती १९४१ मध्ये बांधली गेली. असं एक वाक्य परिच्छेदभर विशेषणांपेक्षा जास्त काम करतं. जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशानंतर केंद्राच्या ग्रँटसोबत ‘आम्ही भेदभावविरोधी कायदे मोडणारे विविधता कार्यक्रम चालवत नाही’ असं प्रमाणपत्र मागितलं जाऊ लागलं आणि त्यावरून कोर्टात भांडणंही झाली. तिथली सही खोटी ठरली तर फसवणुकीच्या कायद्याखाली दावा होऊ शकतो. म्हणून वकिलाला दाखवून आणि बोर्डाचा ठराव करूनच सही करा.

मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय नकोत, आणि रडवेले तर नकोतच. शिफारसपत्रं पाद्री, शाळेच्या मुख्याध्यापिका आणि ब्लॉक क्लबच्या (गल्लीतल्या रहिवाशांच्या मंडळाच्या) मंडळींकडून आधीच मागून ठेवा. आमदाराच्या पत्राला उशीर होतो आणि त्यात मजकूरही बेताचाच असतो.

अर्ज गेला की अहवालाच्या संभाव्य तारखा कॅलेंडरवर टाका. नकार आला तर आठवड्याच्या आत फोन करून परीक्षकांचे शेरे मागा आणि पुढची फेरी कधी उघडते, ते त्याच फोनवर विचारून ठेवा.